दोघांनी ऐकलं तरच

कळमनुरी
१० नोव्हेंबर २०२४

अनिरुद्धराव,

माझ्या हातानं झालेल्या वस्तू अशा. सागवानी तिवई, जिचे तिन्ही पाय उतारावर वेगवेगळ्या उंचीला बसवता येतात. झेरॉक्स मशीनच्या भिंगांची एकडोळी दुर्बीण, पीव्हीसी पाइपात बसवलेली, उजेड परत फिरू नये म्हणून आतून काजळी फासलेली. नवारीच्या पट्ट्यांच्या दोन घडीच्या बैठका. साखऱ्याच्या डोंगरावरचं, पाखरं बघायला बसायचं तुराट्यांचं लपण, त्याला तीन खिडक्या, तिन्ही बसल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. लपणासमोरचा सिमेंटचा पाणवठा आणि त्यात सलाईनच्या नळीनं थेंब थेंब पाणी सोडणारा माठ. यातल्या एकाही वस्तूला कारागीर लावला नाही आणि एकही वस्तू कोणाची बघून केली नाही.

तुमची वस्तू एकच. काळी दुर्बीण, आठ बाय बेचाळीसची, डाव्या नळीवर ओरखडा असलेली. तो ओरखडा माझा नाही. भिजलेली दुर्बीण पद्मजावहिनींनी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली होती, तेव्हा झाकणाचा पत्रा लागला होता. आठवत नसेल तर त्यांना विचारा.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे तुमच्या इथल्या जुन्या कोर्टातला नेमसिंग शिपाई परवा दुकानात आला. मी साडेसात एचपीच्या मोटारीची कॉइल भरून राहिलो होतो. दारातूनच म्हणाला, "परभणीहून साहेबाचा निरोप हाय. त्यांचं सामान द्या म्हने."

सामान! वीस वर्षं शनिवार-रविवार एका डोंगरावर काढल्यावर सामान! जणू मी भाडेकरू होतो आणि आता खोली रिकामी करायची आहे. मी म्हणालो, "साहेबाला म्हणावं, येऊन घेऊन जा." तो म्हणाला, "साहेब येत न्हाईत म्हनूनच तर मला धाडलं." मग चहा पिऊन गेला. दुर्बीण दिली नाही. देणार नाही असं नाही, पण शिपायाच्या हाती देणार नाही.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर हल्ली बोलणं फाटतं. टॉवरला काय झालंय कोण जाणे. माणसांचा आवाज तरी लागतो, बायकांचा आणि लेकरांचा तर नुसता वारा येतो. म्हणून पत्र. तुम्ही बी.ए., त्यातून कोर्टाचे बेंचक्लार्क, तुम्हाला माझ्या अक्षराच्या चुका दिसतील. नववी नापास माणसाचं पत्र म्हणून वाचा.

उद्धव


कळमनुरी
२४ नोव्हेंबर २०२४

अनिरुद्धराव,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी, कारण ती आपल्या डोंगराची आहे. आपल्या म्हणजे खरं तर तिथं शेत असलेल्या दगडोबांच्या, पण तुम्हाला समजलं.

पुण्याची एक सहलीची कंपनी आहे. शहरातली माणसं शनिवारी आणायची, रविवारी संध्याकाळी परत न्यायची, मध्ये पाखरं दाखवायची, असा तिचा धंदा. तिथली जान्हवी नावाची मुलगी मागच्या आठवड्यात दुकानावर आली. तुमच्या धाकट्या स्वानंदच्या वयाची असेल. तिला साखऱ्याला सहली सुरू करायच्या आहेत आणि माणूस मी हवा आहे. चौदा आणि पंधरा डिसेंबरला एक सहल करून बघायची, जमली तर सगळा हिवाळा माझा. कागदावर माझं नाव "मुख्य मार्गदर्शक" असं छापणार. पदवीचं काही विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "काका, लोकांना मुख्य म्हणजे पांढऱ्या पोटाचा निखार बघायचाय."

मी म्हणालो, "निखार साखऱ्यावरून गेला, बाई. तीन हिवाळे झाले."

ती मोबाइल पुढं करून म्हणाली, "पण मागच्या जानेवारीत तिथलंच रेकॉर्डिंग कोणीतरी टाकलंय." वाजवूनही दाखवलं. माझ्यासमोर हिरव्या पट्टीवर रेघा सरकून गेल्या. दुकानात ग्राइंडर सुरू होता, त्यामुळं काही कळलं नाही. ते रेकॉर्डिंग टाकणारा कोणीतरी कोण, ते मला बराबर माहीत आहे. म्हणजे माझ्यामागं तुम्ही येऊन जाता. दगडोबांनी मला सांगितलं नाही. त्यांच्याशी मी वेगळं बोलेन.

नियम तुम्ही विसरला असाल तर पुन्हा लिहितो, कारण तो मीच केला होता आणि तुम्ही मान्य केला होता. पाठीला पाठ लावून उभं राहायचं. तुमचं तोंड दरीकडं, माझं माथ्याकडं. तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज ऐकला की मागं हात नेऊन दुसऱ्याच्या तळहातावर बोटानं खूण करायची. दोघांनी ऐकलं तरच नोंद. एकट्यानं ऐकलेलं म्हणजे मनाचं. पहिल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता, "उद्धवराव, हा नियम आमच्या कोर्टापेक्षा कडक आहे." आणि हसला होता.

त्याच नियमानं निखार गेला. एक हिवाळाभर तुम्ही माझ्या तळहातावर खूण करत राहिलात आणि मी काही ऐकलं नाही. म्हणून नोंद झाली नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही. त्याच हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, शाळांमध्ये वाटायचा पाखरांच्या यादीचा कागद छापायला निघाला तेव्हा मी निखारापुढं "नाहीसा" लिहिलं आणि तुम्ही ते खोडून "नियमित" केलंत. मला न विचारता. वर सगळ्या मंडळींसमोर, डोंगरावर, म्हणालात, "तो आत्ता बोलतोय, उद्धवराव. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

त्यावर मी जे बोललो ते बोललो. देवळातली घंटा ऐकून ऐकून तुमचेच कान वाजायला लागलेत, असं म्हणालो. तुमच्या वडिलांचं पूजेचं घराणं, ते मध्ये आणायला नको होतं, असं घरी रुख्मिणी अजून म्हणते. असेल. पण दुसऱ्याच्या हाताखालचा कागद खोडायलाही नको होता.

असो. आता भांडणाचा निकाल माणसाच्या कानावर ठेवायचा नाही असं मी ठरवलंय. यंत्र केलंय. गच्चीवरची टीव्हीची जुनी छत्री उतरवली. तिच्या मधोमध, जिथं सगळा आवाज एका ठिकाणी येऊन पडतो, तिथं माइक बसवला. ती जागा उन्हात छत्री धरून, उजेड कुठं गोळा होतो ते बघून काढली. आवाज वाढवायचं सर्किट मी स्वतः जोडलं. त्याला जुन्या टेपरेकॉर्डरचा काटा लावला, म्हणजे आवाज आला की काटा हलणार. आणि कानाला हेडफोन. काल इथं पाझर तलावावर बघितलं. भारद्वाज शेजारी येऊन बसल्यासारखा, होला तर कानातच घुमतो. निखार डोंगरावर असला तर या छत्रीतून सुटणार नाही. नसला तर तुम्हाला लेखी कळवीन.

उद्धव


कळमनुरी
१७ डिसेंबर २०२४

अनिरुद्धराव,

सहल झाली. छान झाली. निवांत झाली.

अकरा माणसं होती. हिंगोलीचे कापडवाले पुनमचंद होते, त्यांना तुम्ही ओळखता. मी म्हणालो, "शेठ, तुम्ही आणि पाखरं?" तर म्हणाले, "डॉक्टर बोले, चला-फिरा. बायको म्हणाली, फुकट काय फिरता, पैसे भरून फिरा, म्हणजे खाडा होणार नाही." सगळ्या चढावर त्यांनी मला तीनदा विचारलं की वर चहा आहे ना.

शनिवारी दुपारी दगडोबांच्या शेतातल्या आखाड्यावर पोचलो. दगडोबा गोठ्याच्या सावलीत बसले होते. गाडीतून उतरणारी माणसं बघून मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहून रं उद्धवभाऊ, हे एवढे पैशे देऊन येतेत? पाखरं तं फुकट हायेत."

"दगडोबा, पैसे डोंगराचे नाहीत. तुमच्या घरच्या वांग्याच्या भरताचे आहेत."

आतून सुमनबाई म्हणाल्या, "मंग भरताला जास्तीचे घ्या म्हनावं. पाखरायला शिजवावं लागत न्हाई."

संध्याकाळी उतार उतरून खालच्या पठारावर गेलो. नीलपंखाची जोडी विजेच्या तारेवर होती. शिक्रा सातभायांच्या मागं लागला आणि सातभायांनीच त्याला पळवून लावलं, त्यावर मंडळी लहान लेकरासारखी टाळ्या पिटून राहिली. माळटिटवी दाखवली. चंडोल वर चढून खाली येतो तो खेळ दाखवला. माझी एकडोळी दुर्बीण बघून जान्हवीनं विचारलं, "काका, ही कुठल्या कंपनीची?" मी म्हणालो, "कळमनुरी." तिनं ते नाव लिहून घेतलं, मग तिच्या लक्षात आलं, मग खूप हसली. जेवणं अंगणात झाली. पुनमचंद शेठनी तीन भाकरी ठेच्याशी खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, "हा ठेचा की शिक्षा?" शेकोटीला मी त्यांना आपल्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली, आपण दोघं कापसाच्या बोंडाला पिंगळा समजून तासभर लपून बसलो होतो ती. तुमचं नाव सांगितलं. काढायचं नव्हतं, पण त्या गोष्टीत दोन माणसं लागतात.

रविवारी सकाळी छत्री लावली. हेडफोनची वायर खराब निघाली. त्यामुळं निखाराचा निकाल लागला नाही. वायर दुरुस्त करून कळवतो.

जान्हवीनं काम मला दिल्यातच जमा आहे. लेखी कागद नवीन वर्षात येईल म्हणाली.

उद्धव


कळमनुरी
५ जानेवारी २०२५

अनिरुद्धराव,

हेडफोनची वायर खराब नव्हती.

तो रविवार मी तुम्हाला पुरता लिहिला नाही. आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

उन्हं नुकती माथ्यावर आली होती. लपणाच्या उजवीकडं जो वाकडा हिवर आहे, ज्याला तुम्ही मुनीम म्हणायचा, त्याच्याकडं छत्रीचं तोंड केलं. मंडळी मागं बसली. मी हेडफोन चढवला. शांत. लांब कुठं होला, एक बैलगाडी, दगडोबांचा खोकला. आणि माझ्या समोर काटा हलला.

थोडा नाही, अर्ध्यापर्यंत गेला आणि खाली आला. पुन्हा गेला. कानात काही नाही. मी वायरिंगचा माणूस, अनिरुद्धराव. काटा हलतो आणि आवाज येत नाही, याचा अर्थ मला एकच येतो, पुढं कुठंतरी वायर सुटली. मी सगळ्यांना हातानं थांबा म्हणालो, चाकूनं वायर सोलली, सुमनबाईंच्या चुलीत लोखंडी सळई लाल केली आणि कथलाचा डाग दिला. पुन्हा चढवला. होला आहे, खोकला आहे, काटा हलतोय, आणि त्या काट्याचा आवाज नाही. पुन्हा सोलली. दुसऱ्या टोकाला डाग दिला. जान्हवी काहीतरी बोलत होती, तिला मी म्हणालो, "थांब बाई, फॉल्ट सापडतोय." तिसऱ्यांदा डाग देताना बोट भाजलं.

पुनमचंद शेठ कंटाळले असावेत. म्हणाले, "द्या तो कंठा इकडं, आम्ही तर बघू," आणि माझ्या गळ्यातून हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. त्यांचं तोंड बघायला हवं होतं. चढ चढताना चिडलेला, ठेच्यानं रडलेला तो माणूस दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून बसला. डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाले, "उद्धवभाऊ, हे काय वाजतंय हो? दूर कुणाच्या पायातलं पैंजण असावं तसं?"

चहाची किटली घेऊन सुमनबाई वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यात काय ऐकायचं त्या यंत्रातून? ते तं इथं रोजच बोलतंय. काळं-पांढरं, छातीवर केशरी टिळा हाय ते. आत्ताबी बोलून राहिलं की." आणि बोट केलं.

सगळ्यांनी माना वर केल्या. मीच एकट्यानं सुमनबाईंच्या बोटाकडं बघितलं. मग एकडोळी दुर्बीण वळवली. मुनीमाच्या शेंड्याखालच्या दुसऱ्या फांदीवर बसला होता. नर. काळी पाठ, पांढरा पट्टा, छातीवर निखाऱ्याचा डाग. इतका जवळ की खालच्या चोचीचं टोक दिसत होतं. आणि तो गात होता. चोच उघडत होती, मिटत होती, गळ्याची पिसं थरथरत होती, शेपूट प्रत्येक सुरावर खाली जात होती. समोरच्या माणसासारखा पूर्ण बोलत होता तो माझ्याशी, अनिरुद्धराव, आणि मधली काच कोणीतरी बंद केली होती.

माझ्या मागं अकरा माणसं आनंदानं कुजबुजत होती. कुजबुजत होती हे मी वळलो तेव्हा त्यांच्या ओठांवरून कळलं.

मी काय केलं? त्यांना म्हणालो, "बघा, सांगितलं होतं ना, दाखवीन म्हणून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दगडोबांनी वाजवल्या नाहीत. ते माझ्याकडं बघत होते आणि माझ्या भाजलेल्या बोटाकडं. उतरताना एवढंच म्हणाले, "भाऊ, तकलीफ हाय का काही?" मी म्हणालो, "वायरची."

घरी येऊन हेडफोन उघडला. मीटरनं तपासला. वायर अखंड, डाग पक्के. रेडिओला लावला, बातम्या स्वच्छ. तरी मन मानेना. दुकानात माझ्याकडं सूर काढायचं यंत्र आहे, ॲम्प्लिफायर तपासायला लागतं ते. खालच्या सुरापासून सुरू केलं आणि बटण हळूहळू वर फिरवत नेलं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. रुख्मिणी जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती समोरच्या स्टुलावर. सूर बारीक होत गेला, अजून बारीक, आणि एका ठिकाणी संपला. मला वाटलं स्पीकर गेला. काट्याकडं बघितलं तर काटा तिथंच उभा. मी बटण आणखी वर नेलं. आणखी. आणि रुख्मिणीनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि ओरडली, "बंद करा हो! कान किटले!"

मी बंद केलं. तिनं हात खाली घेतले. मी म्हणालो, "तुला ऐकू येत होतं?"

तिनं जेवणाचा डबा पुढं ओढला.

मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"कुकरच्या शिट्ट्या दोन-तीन वर्षं झाली मीच मोजते. तुमी शेजारी बसून विचारता, झाली का एक तरी. फोनवर लेक बोलते, तुमी म्हनता टॉवर न्हाई."

"मग सांगितलं काहून नाही?"

तिनं डब्याचं झाकण काढलं, पोळी माझ्या पुढं ठेवली आणि मग म्हणाली, "अनिरुद्धभावजींनी सांगितलं व्हतं. त्यांचं काय केलंत ते मी बघितलं ना."

उद्धव


कळमनुरी
१९ जानेवारी २०२५

अनिरुद्धराव,

नांदेडला जाऊन आलो. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी ऐकला तेव्हाच दाबलं, अंदाजानं एकदाही दाबलं नाही. मग त्यांनी आलेख काढून दिला. डावीकडं रेघ चांगली सरळ चालते, मध्यानंतर डोंगराच्या कड्यासारखी खाली जाते. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं, मोटारींचं. ग्राइंडर, हातोडी, तीस वर्षं. "कानात कापूस घालत होता?" मी म्हणालो, बेअरिंगचा आवाज ऐकल्याशिवाय मोटार कळत नाही. ते म्हणाले, कानाला यंत्र लावा, बोलणं साफ होईल, लेकीचा फोन ऐकू येईल. मी विचारलं, निखार? त्यांना निखार माहीत नव्हता. समजावून सांगितलं. त्यांनी आलेखाच्या उजव्या टोकावर पेन ठेवला आणि म्हणाले, "इथलं गेलेलं आहे. यंत्र इथं काही आणून देईल असं मी सांगणार नाही." प्रामाणिक माणूस. मला आवडला.

कानातलं यंत्र घेतलंय. रुख्मिणीच्या बांगड्यांचा आवाज आला. तो गेला होता हेही मला माहीत नव्हतं.

काल शनिवार होता. एकटाच साखऱ्याला गेलो. दगडोबांना वेगळं बोलायचं होतं, तुमचं येणं लपवल्याबद्दल. ते म्हणाले, "साहेब दोनदा येऊन गेले मागच्या हिवाळ्यात. एकदा दिवसभर लपनात बसले. जाताना माठात पानी भरून गेले. म्हनले, उद्धवरावाला सांगू नका, त्यायला वाटंल मी त्यायचा डोंगर घ्यायला आलो." माठाचं पाणी मी परत येईपर्यंत पुरलं कसं, याचं मला तेव्हा कोडं पडलं होतं. मी माझ्या नळीची तारीफ केली होती.

वर गेलो. आपल्या जागेवर उभा राहिलो, तोंड माथ्याकडं. पाठीला कोणी नव्हतं. मुनीमावर निखार होते, दोन माद्या आणि एक नर. चोची हलत होत्या. मी तळहात मागं धरून बराच वेळ उभा राहिलो. मग मला माझाच राग आला आणि खाली आलो. सुमनबाईंनी भाकरी वाढली. एरवी त्यांचं तोंड बंद नसतं, काल दोघंही माझ्यासमोर मोठ्यानं, सावकाश बोलत होती, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. मी म्हणालो, "दगडोबा, यंत्र लावलंय, ओरडू नका." त्यावर ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "बरं बरं!"

आता कामाचं.

नेमसिंग उद्या परभणीला कोर्टाच्या कामानं येतोय. त्याच्याबरोबर तुमची दुर्बीण पाठवतोय. शिपायाच्या हाती देणार नाही म्हणालो होतो, ते मागं घेतो. भिंगं ब्लोअरनं झटकून, मऊ फडक्यानं पुसली आहेत, फोकसच्या चाकात एक थेंब तेल दिलंय. ओरखडा तसाच आहे.

दुर्बिणीबरोबर छत्री येतेय. ती माझ्या हातानं झालेली शेवटची वस्तू आणि सगळ्यांत चांगली. माइकचा स्क्रू जास्त आवळू नका, आवाज कोंडतो. बॅटरी उन्हात ठेवू नका. काट्याकडं बघायची तुम्हाला गरज पडणार नाही.

शाळांचा कागद पुन्हा छापायचा आहे. निखारापुढं माझ्या अक्षरात असं लिहिलंय: "आहे. एकानं ऐकलं." नियम मोडला. मीच केला होता, मीच मोडला. आमच्या वायंडिंगच्या धंद्यात एकदा चुकीचे वेढे पडले की कितीही डाग द्या, सगळी कॉइल उकलून पुन्हा भरावी लागते. वेळ जातो. तांबं तेच राहतं.

एक मागणं आहे. हक्काचं नाही. तुम्ही साखऱ्याला जाल तेव्हा मला लिहा. पाखराचं नाव नको, नावं मला येतात. कसा बोलला ते लिहा. पहिल्या वर्षी आपण प्रत्येकाचे बोल शब्दांत बसवायचो, तुम्ही भजनातले असल्यासारखे आणि मी मोटारीतले असल्यासारखे, आणि भांडायचो. निखाराचे बोल तेव्हा ठरले नव्हते. तुम्ही म्हणाला होता, हा लिहिता येत नाही, हा पुढच्या वर्षी बघू. तो आता लिहून पाठवा. घाई नाही. मी मोठ्यानं वाचेन, रुख्मिणी सांगेल जवळ आला का.

पुण्याच्या कंपनीचा लेखी कागद परवा आला होता. जान्हवीनं फोनवरही समजावलं, "काका, तुमच्याबरोबर ऐकणारा एक मुलगा देऊ, तुम्ही फक्त सांगायचं." दुसऱ्यानं ऐकायचं आणि मी सांगायचं, ते मी दोन हिवाळे करून बसलो आहे. नकार लिहून टाकला. कारणाच्या रकान्यात "वेळ नाही" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं आणि "ऐकू येत नाही" असं लिहिलं. तुमचं नाव आणि परभणीचा पत्ता त्यांना कळवलाय, ते काम घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी नाकारलं ते असं: मार्चअखेरपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार, जाणं-येणं, राहणं, जेवण त्यांच्याकडं, छापील कागदावर "मुख्य मार्गदर्शक, उद्धव, साखरा डोंगर" असं नाव, आणि बहात्तर हजार रुपये.

उद्धव